रुपयात पाच पैसे

गोंदियाच्या धान-बाजारात अजून सांगतात, त्या साली सेठजींच्या नाकाने सहा लाख चाळीस हजार जास्तीचे कमावले. सेठजी दाणा दाताखाली धरायचे, चावायचे, डोळे मिटून ओंजळीतल्या धानाचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "रुको." असं नाक म्हणे सगळ्या बाजारात दुसरं नाही. हे ऐकलं की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. नाकाने काही कमावलं नाही. कमावलं ते माझ्या चारशे ओळींच्या प्रोग्रामने, आणि तो मी सेठजींच्याच गद्दीवर, म्हणजे त्यांच्या पेढीवर, जेवणाच्या सुटीत, डबा मांडीवर ठेवून लिहिला होता.

मी सौंदडची. बाबा रेल्वेत गँगमन. आई रोवणी-कापणीला लोकांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, जायची आणि उरलेल्या दिवसांत गावातल्या छोट्या धान-मिलवर झाडझूड करायला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दोन गोष्टींची कधी काटकसर झाली नाही, पुस्तकं आणि वाद. मी गोंदियाला बीएस्सी केलं, वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर एका तांदळाच्या ठोक व्यापाऱ्याकडे ऑपरेटर म्हणून लागले. पगार अठराशे. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं.

पहिल्या दिवशी सेठजींनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"चा अर्थ आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो. नाव त्यांनी विचारलंच नाही, "कम्प्यूटरवाली" एवढ्यावर काम भागलं. चहा सगळ्यांना काचेच्या ग्लासात यायचा, मला प्लास्टिकच्या कपात. पहिल्या आठवड्यात वाटलं ग्लास कमी असतील. दुसऱ्या आठवड्यात मी ते मोजले. नऊ ग्लास होते आणि माणसं सात. तरी मी गप्प बसले, कारण अठराशे रुपये होते आणि कॉम्प्युटर होता. आमच्या सौंदडात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे फक्त स्टेशनमास्तरच्या खोलीत दिसेल ती वस्तू.

एक गोष्ट मात्र मला त्या गद्दीवर मनापासून आवडायची, आणि पुढे तिनेच माझा घात केला. तिथे सौदा तोंडी व्हायचा. कोपऱ्यात एक म्हातारे दलाल बसलेले असत, शर्टाच्या खिशात छोटी डायरी. आमच्याच भागातल्या शेतकरी घरातले होते, मी त्यांना काका म्हणायची. फोनवर चार वाक्यं व्हायची, काका डायरीत एक ओळ लिहायचे, आणि दोन ट्रक तांदूळ रायपूरकडे निघायचा. ना कागद, ना सही. एकदा सौदा झाला आणि दुसऱ्याच दिवशी भाव धाडकन पडला. सेठजींनी कुरकुर न करता जुन्या भावाने माल उचलला. चाळीस हजारांचा फटका बसला, आणि हा माणूस शांतपणे पान लावत होता. "जबान है," म्हणाले. मी घरी येऊन आईला सांगितलं, माणूस जुन्या विचारांचा आहे, पण शब्दाचा पक्का आहे. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं काम बिलं काढायचं. दिवसाचं काम दोन तासांत उरकायचं, उरलेला वेळ वीज गेली की हातपंख्याने वारा घेत बसायचं आणि आली की सॉलिटेअर. मग माझं लक्ष कॅलेंडरांकडे गेलं. भिंतीवर एका खिळ्याला नऊ वर्षांची कॅलेंडरं एकावर एक अडकवलेली होती. प्रत्येक तारखेच्या चौकोनात मुनीमजींच्या बारीक अक्षरात त्या दिवसाचे भाव लिहिलेले, धान, तांदूळ, कनकी, कोंडा. नऊ वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. लिहून ठेवायचं आणि पुन्हा कधी बघायचं नाही, अशी तिथली रीत होती. मी विचारलं, हे कशाला ठेवलंय? मुनीमजी म्हणाले, "रहने दे, रिवाज है."

मी ते सगळे आकडे कॉम्प्युटरवर, फॉक्सप्रोमध्ये चढवले. चार महिने लागले. मग प्रोग्राम लिहायला घेतला. प्रश्न साधा होता. दिवाळीनंतर घेतलेलं आठ हजार कट्टे, म्हणजे पोती, धान सगळं लगेच भरडून विकलं तर काय हाती येतं, आणि थांबून विकलं तर काय? थांबायला खर्च असतो. गुंतलेल्या पैशाला शेकडा महिना एक रुपया व्याज, गोदामाचं भाडं, बारदाना, हमाली, आणि धान वाळतं म्हणून होणारी घट. हे सगळं वजा करायचं, तांदळाचे आणि कोंड्याचे पैसे मिळवायचे, आणि नऊ वर्षांवर, आठवड्या-आठवड्याने हे चालवून बघायचं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा नऊच्या नऊ वर्षं तोटा आला. म्हणजे माझ्या प्रोग्रामप्रमाणे सेठजी नऊ वर्षांपासून भीक मागत असायला हवे होते, आणि ते तर समोर बसून काजू खात होते.

पंधरा दिवस चूक सापडेना. शेवटी घरी चुलीजवळ बसून मी आईला सगळं समजावून सांगत होते, एका कट्ट्यातून तांदूळ किती, कोंडा किती, तूस किती. आईने विचारलं, "अन् कनकी?"

"तिचा काय हिशेब, ती तर वाटायची असते."

आईने फुंकणी खाली ठेवली. "वाटायची? कनकीले भाव नाई म्हणते? मंग आमी जनमभर काय माती खाऊन राहिलो का वो?"

चूक तिथे होती. गावच्या मिलवर आईला मजुरीत कनकीच मिळायची. तांदळाचे तुटके कण, तेच आमचं रोजचं जेवण. माझ्या डोक्यात कनकी म्हणजे दिवस संपला की पदरात पडते ती वस्तू होती, बाजारात विकली जाते ती नव्हती. कॅलेंडरातून तिचे भाव मी स्वतः टाइप केले होते आणि तरी हिशेबात तिला शून्य धरलं होतं. हे दुसऱ्या कुठल्याही घरातल्या पोरीच्या हातून झालं नसतं. कनकीचा भाव घातला आणि नऊ वर्षं एकदम नफ्यात आली.

मग मला जे दिसलं ते असं. सेठजी दरवर्षी होळीच्या आत सगळा माल काढायचे, कारण मार्चअखेर बँकेला पैसे दाखवायचे असत. पण गोंदियातले सगळेच व्यापारी तेच करायचे, त्यामुळे भाव नेमका तेव्हाच सगळ्यात खाली. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या तांदळाला भाव चढायचा, तेव्हा यांचं गोदाम रिकामं. मी मालाचे तीन वाटे केले. एक लगेच विकायचा, म्हणजे बँक गप्प बसते. दुसरा भाव एका ठरलेल्या रेषेच्या वर गेला की. तिसरा जूनपर्यंत धरायचा. आणि खालीही एक रेषा, तिच्याखाली भाव गेला तर रडत न बसता सगळं विकून मोकळं व्हायचं. कमावण्याच्या आधी बुडू नये याची सोय केलेली होती. या खालच्या रेषेचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. नफ्याची स्वप्नं कोणीही बघतो.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर मी ते कागद सेठजींपुढे ठेवले. त्यांनी ते उलटे धरले, सुलटे धरले. मग एकेक प्रश्न विचारत गेले, आणि प्रश्न चोख होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. तासाभराने म्हणाले, "एक गोदाम तेरे हिसाब से चलाते हैं. क्या लेगी?"

हे कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही नेहमीप्रमाणे होळीच्या आत विकलं असतं तर जे आलं असतं, त्याच्यावर जे जास्तीचं येईल त्यातले रुपयाला पाच पैसे.

ते हसले. "चल, रुपये में पाँच पैसे तेरे. जबान दी."

मुनीमजी तिथे होते. काका कोपऱ्यात होते, हातभर अंतरावर. मला वाटलं झालं, सौदा पक्का.

त्या पाच पैशांवर माझं काय अवलंबून होतं ते सांगते. नागपूरला एमसीए करायचं होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी भरलाच होता. फी सरकार देणार होतं, पण डिपॉझिट, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं धरून पहिल्याच महिन्यात तीस हजार लागणार होते. जागा मिळाली तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरायचे, नाहीतर जागा पुढच्याला.

जानेवारीत भाव पडला. रोज थोडा थोडा. सेठजींचा हात शिवशिवायला लागला. एका दुपारी तर त्यांनी खरीददार आणून बसवला आणि मुनीमजींना सांगितलं, सगळं गोदाम काढून टाका. मी उठून म्हटलं, "सेठजी, रेषा अजून खाली आहे. नऊ वर्षांत दोनदा भाव याहून जास्त पडून वर आलाय." सगळ्यांसमोर ओरडले, "डुबाएगी ये लड़की!" मी छापील कागद पुढे धरून उभी राहिले. खरीददार चहा पिऊन गेला. सेठजी तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण थांबले. एवढं श्रेय मी त्यांना देते. त्यांच्या नाकाला मात्र देत नाही, कारण ते नाक त्या दिवशी विकायला निघालं होतं.

एप्रिल लागताच भाव वरच्या रेषेपलीकडे गेला आणि दुसरा वाटा विकला. तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, सोसायटीत कर्जाचा अर्ज टाकून ठेवू का? दोन-अडीच महिने लागते मंजूर व्हायले." घराचं एक कर्ज त्यांच्या पगारातून आधीच कापलं जात होतं. मी म्हटलं, "नको बाबा. माझा वाटा येणार आहे." त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं, आणि ते खूश झाले. गँगमधल्या लोकांना सांगत सुटले, पोरगी आपल्या पैशाने नागपूरला जाऊन राहिली.

मेच्या शेवटी यादी लागली. माझं नाव होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचा ट्रक गेला आणि मी डॉट मॅट्रिक्सवर हिशेब छापला. प्रिंटर करकरत राहिला आणि तळाशी आकडा आला, सहा लाख चाळीस हजार. पाच पैशांनी बत्तीस हजार. मी कागद फाडला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या नीट काढल्या आणि गद्दीवर गेले. तिथे मुनीमजी, दोन बाहेरचे व्यापारी आणि काका होते.

सेठजींनी आकडा वाचला. खूश झाले. कागद त्या व्यापाऱ्यांना दाखवला. मग मी म्हटलं, "सेठजी, माझे पाच पैसे."

"कौन से?"

"आपलं ठरलं होतं. जास्तीच्या नफ्यात रुपयाला पाच पैसे."

"सौदा हुआ था? बीच में कौन था?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "मुनीमजी होते. काका होते."

"थे, बैठे थे." सेठजी व्यापाऱ्यांकडे बघून हसले, आणि ते दोघेही हसले. "दलाल कौन था?"

मी काकांकडे वळले. ते डायरीची कड बोटाने घासत होते. "बसलो होतो, बाई," ते म्हणाले. "ऐकलं बी. पण माझ्यामधून नाई झालं ते."

"चालीस साल में एक सौदा नहीं तोड़ा मैंने," सेठजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते मला शिकवत होते, समजावून सांगत होते. "पूरे गोंदिया में पूछ ले. लेकिन सौदा हो तब ना. ये तो घर की बात थी. तू नौकरी करती है, तनखा लेती है."

म्हणजे दिवाळीनंतर मी "क्या लेगी" या प्रश्नाचं उत्तर दिलं ते काय होतं? जानेवारीत सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या त्या कशाच्या होत्या? पगार तर बिलं काढायचा होता. हे सगळं मला रेल्वेत सुचलं. गद्दीवर नाही, आणि याचा राग मला सेठजींपेक्षा स्वतःवर जास्त आला.

सेठजींनी बक्षीस दिलं. पाचशे एक रुपयांचं पाकीट आणि कनकीचं एक पोतं. "घर ले जा, तुम लोगों को चलती है." हमालाने ते रिक्षात टाकलं, आणि मी मुकाट्याने त्या पोत्याशेजारी बसले. ते तिथेच लाथाडून आले असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. सौंदड स्टेशनवर बाबांनी ते पोतं गाडीतून उतरवून घेतलं आणि विचारलं, "पैसे?" मी नाही म्हणून मान हलवली.

घरी आईने पोत्यात हात घालून मूठभर कनकी काढली, उजेडात धरली. त्यात किडे वळवळत होते. "हे कोंबड्याई बी खात नाई," ती म्हणाली. माझ्या प्रोग्रामात कनकीला भाव होता, पन्नास किलोचे साडेतीनशे रुपये. पण तो चांगल्या मालाचा. बक्षीस म्हणून देण्याच्या कनकीचा रकाना मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबा सोसायटीत गेले. अर्ज घेतला गेला, सप्टेंबरमध्ये बघू म्हणाले. एका मुकादमाकडून पाच हजार मिळाले, मावशीकडून तीन. जुलैचा पहिला आठवडा आला आणि गेला. माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. तिचा यात काही दोष नाही. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. गँगमध्ये लोक विचारायचे, पोरगी कधी जाते म्हणून, तर म्हणायचे, पुढच्या साली. मी त्यांना एप्रिलमध्ये थांबवलं नसतं तर ते खोटं त्यांना बोलावं लागलं नसतं.

मी नोकरी सोडली. सोडण्याआधी प्रोग्राम फ्लॉपीवर घेतला आणि गद्दीवरच्या मशीनमधून पुसून टाकला. चोरी म्हणायची असेल तर म्हणा. मी माझा माल परत आणला. कॅलेंडरं त्यांची होती, ती खिळ्यावर तशीच राहू दिली. गावातल्या टायपिंगच्या क्लासात एक जुनं मशीन आलं होतं, तिथे शिकवायला लागले.

नोव्हेंबरात, नवीन धान बाजारात आलं तेव्हा, दलालकाका स्कूटरवर आमच्या दारात. आईने खुर्ची टाकली, पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि पूर्ण प्यायले. मग म्हणाले, सेठजींच्या पुतण्याने तीन वाटे करून बघितले, रेषा कुठे मारायची ते कोणाला जमत नाही. दुसरे दोन व्यापारी, त्या दिवशी हसले होते तेच, तेही विचारून राहिले. "विकते का तू आपला पोग्राम?"

मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही तोंड का उघडलं नाही?"

"उघडलं ना. ऐकलं म्हणून सांगतलं."

"काका, तुमच्यासमोर शब्द दिला होता त्यांनी."

"समोर दिला, मधात नाई दिला." त्यांनी डायरी काढून मांडीवर ठेवली. "तू मले काऊन नाई सांगतलं तेव्हा? माझ्या हातावर रुपया ठेवला असता, काका लिहून घ्या म्हटलं असतं, संपलं. डायरीत चढलेला सौदा तोडला का त्याचा माल कोणी उचलत नाई. त्याले देणंच लागलं असतं. मी कोण बिनादलालीचा बोलणारा?"

"मला हे कोणी सांगितलं होतं?"

"अवो, हे बी सांगायले लागते का?"

हो, सांगावं लागतं! ज्यांच्या घरात चार पिढ्या धान विकत आले त्यांना सांगावं लागत नसेल. आमच्या घराने धान रोवलं, कापलं, झाडलं, पोतीच्या पोती पाठीवर वाहिली, आणि संध्याकाळी कनकी पदरात घेऊन परत आलं. सौद्याच्या मधात आमचं कोणी कधी उभंच राहिलं नव्हतं. मी हे काकांना असंच्या असं सुनावलं, आणि जरा मोठ्यानेच. ते ऐकून घेत राहिले. मग पेनचं टोपण काढून म्हणाले, "किती सांगू?"

"बत्तीस हजार. एक रुपया कमी नाही, जास्तही नाही. आणि सेठजींनाच."

"दुसरे जास्त देतील."

"मला जास्त नको. मला तेच पाहिजेत."

त्यांनी डायरी उघडली आणि थांबले. "नाव काय तुझं, बेटा?"

तीन वर्षं हातभर अंतरावर बसलो होतो. मी नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी ते जपून लिहिलं, र्‍हस्व-दीर्घ विचारून. मी आईच्या डब्यातून रुपया आणून त्यांच्या हातावर ठेवला.

दोन दिवसांनी गद्दीवर गेले. सेठजी अगदी मोकळेपणाने भेटले, जणू काही झालंच नव्हतं. प्रोग्राम चढवला, पुतण्याला शिकवला. तासाभरात मुनीमजींनी बत्तीस हजार मोजून काकांच्या हातात दिले, काकांनी आपली शेकडा एक दलाली, तीनशे वीस, काढून घेतली आणि बाकीचे मला दिले. घासाघीस नाही, टाळाटाळ नाही. सेठजी म्हणाले, "देखा? जबान में फर्क नहीं." आणि ते खरंच होतं, त्याचाच संताप येतो. तोच माणूस, तेच पैसे, तीच मी. त्याची इमानदारी चाळीस वर्षं शाबूत होती, फक्त ती वाटताना मला वगळलं होतं, आणि आता एका रुपयात आत घेतलं. मग चहा आला. सगळ्यांना ग्लासात, मला प्लास्टिकच्या कपात. डायरीत नाव चढलं तरी तेवढी मजल काही गेली नव्हती. मी कप तिथेच ठेवला आणि स्टेशनवर आले.

पुढच्या साली मी पुन्हा परीक्षा दिली, यादीत नाव आलं नाही. त्यानंतर मी अनेक मिलांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिले, अजून लिहिते, आणि दरवेळी मधात माणूस उभा करते. पण त्या दिवशी, पैसे पिशवीत घेऊन, मी सौंदडला उतरून घरी न जाता आधी क्लासात गेले आणि मशीन चालू केलं. थांबायचा खर्च काढायलाच तर तो प्रोग्राम लिहिला होता. जूनमध्ये मिळायचे ते बत्तीस हजार, मिळाले नोव्हेंबरात, पाच महिने, शेकडा एक रुपया. व्याज सोळाशे. दलाली तीनशे वीस. तळाशी आकडा आला. एकूण घाटा, एकोणीसशे वीस रुपये.

नागपूरची जागा, जुलैचा पहिला आठवडा, बाबांचं पुढच्या साली म्हणणं, सगळं धरून एकोणीसशे वीस. मी ओळ न् ओळ तपासली. चूक कुठेच नव्हती.